चिखलदऱ्याच्या डोंगराच्या धारेवर पहिल्यांदा चालून रायला असशील तर

भाऊ, दसऱ्याच्या आगेमागे जाऊन रायला ते चांगलंच, हिरवळ असते, पाय कमी घसरतो, पण पहिली गोष्ट हस्ताच्या पावसाची. सकाळी आभाळ एकदम साफ दिसते अन् दुपारी दोन-तीन वाजता ढग गडगडायले लागतात, तेव्हा धारेवर रायचं नाही, विजेले उंचावरचा माणूस लवकर सापडते. म्हणून उजाडताच निघ, बारापर्यंत परतीले लाग, टोक गाठलं नाही तरी चालते. गरजलं तर खाली उतर, अन् एकट्या झाडाखाली तर अजिबातच थांबू नको.

दुसरं गवत. कमरेएवढं होते या दिवसात, पायवाट दिसतच नाही अन् कडा कुठं संपला ते पण नाही, म्हणून हातात काठी पाहिजे, पुढं ठोकत चाल, साप असला तर तो पण सरकते. हाफ पॅन्ट घालून येणारे हिरो संध्याकाळी मोज्यातली कुसळं वेचत बसतात, फुल पॅन्टच घाल बाप्पा.

पाणी माणशी तीन लिटर, ऑक्टोबरचं ऊन लय चटका देते. सोबत भाकर-ठेचा अन् मीठ-साखर. बिस्किटानं काय होते.

गाविलगड किल्ला पाहाचा तर पाह, पण वैराटच्या जंगलाकडं आपल्या मनानं घुसू नको, ते मेळघाटात येते, अन् मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, आधी वनखात्याले विचार. गावातला एखादा कोरकू आदिवासी माणूस वाटाड्या म्हणून घे, अन् पैसे आधीच ठरव.