दुसऱ्याचे शब्द, आपले पान

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबत जोडलेली वाचकाच्या पत्राची प्रत परवा फोर्टमधल्या कचेरीत मिळाली. तुझ्या पाक्षिकाकडे मुलुंडच्या एका रहिवाशाने जे पाठवले आहे, ते मी दोनदा वाचले. सोसायटीच्या पुनर्विकासात सचिवांनी बिल्डरकडून पैसे खाल्ले, असे त्यांनी सरळ लिहिले आहे. तुझे विचारणे असे की पत्राखाली त्यांचे नाव छापले आणि पानाच्या तळाशी 'या मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही' ही नेहमीची ओळ टाकली, तर उद्या काही झाल्यास तुझा काय संबंध. संबंध आहे, आणि तो नेमका कुठून सुरू होतो हे तुला आत्ताच कळावे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या तळाच्या ओळीवर विसंबू नकोस. मत कुणाचे आहे एवढेच ती सांगते. मजकूर लोकांपुढे कुणी आणला, याचे उत्तर तिच्यात नाही. ते उत्तर तुझ्या शेवटच्या पानावर, अगदी बारीक टायपात आहे, जिथे मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे असतात. वृत्तपत्रे आणि पुस्तकांच्या नोंदणीच्या 1867 च्या कायद्याप्रमाणे, संपादक म्हणून ज्याचे नाव छापले आहे त्यानेच मजकूर निवडला असे न्यायालय गृहीत धरत असे, आणि तसे नव्हते हे दाखवण्याचे ओझे त्याच्यावर पडत असे. तो कायदा जाऊन मार्च 2024 पासून नवा लागू झाला आहे, तरीही वकिलाची नोटीस लिहिताना आम्ही पहिल्यांदा तुमच्या त्याच ओळीकडे पाहतो.

आपल्याकडचे एक जुने आणि फार बोलके उदाहरण आहे, आणि त्याचा खटला मुंबईतच चालला. 'केसरी' सुरू होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. कोल्हापूरच्या महाराजांचा छळ होतो आहे आणि त्यामागे दिवाण बर्वे आहेत, असे दाखवणारी पत्रे टिळक आणि आगरकर यांच्या हाती आली आणि त्यांनी ती विश्वासाने प्रसिद्ध केली. ती पत्रे बनावट निघाली. पत्रे त्यांनी लिहिली नव्हती आणि हेतूही स्वच्छ होता. तरी जुलै 1882 मध्ये दोघांना अब्रुनुकसानीबद्दल चार महिन्यांची साधी कैद झाली आणि डोंगरीच्या तुरुंगात त्यांनी 101 दिवस काढले. मला त्या दोघांबद्दल अपार आदर आहे, आणि म्हणूनच नव्या संपादकाला मी हे उदाहरण सगळ्यांत आधी सांगतो. चांगल्या हेतूने छापलेला मजकूर आपोआप खरा होत नाही.

आजचा कायदा सांगतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेचे कलम 499 जाऊन भारतीय न्याय संहितेचे कलम 356 आले आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. आता समाजसेवेचीही शिक्षा होऊ शकते. मजकूर बदनामीकारक आहे हे माहीत असताना, किंवा तसे मानण्यास सबळ कारण असताना, जो छापतो तोही याच कलमात येतो. खरे असणे एवढेच फौजदारी खटल्यात पुरत नाही. ते प्रसिद्ध होणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. 'असे कळते', 'म्हणे', 'परिसरात चर्चा आहे' या शब्दांनी आरोप सौम्य होत नाही. दुसऱ्याची अफवा पुन्हा सांगणाराही ती सांगतच असतो.

यात एक गोष्ट माझ्या स्वतःच्या अनुभवाची आहे. वकिली सुरू केली त्या काळात आमच्या गिरगावातल्या चाळीच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेचे संपादन माझ्याकडे होते. वर्गणीच्या हिशेबाविषयी एका भाडेकरूने टिपण दिले होते. मजकूर तसा मवाळ होता, मथळा होता 'हिशेबाविषयी थोडेसे'. प्रूफ तपासताना, रात्री अकराच्या सुमारास, मी निळ्या पेन्सिलीने तो खोडला आणि वर लिहिले, 'वर्गणी गेली कुठे?' आतल्या मजकुरातले 'बहुधा' हे एक क्रियाविशेषणही, वाक्य सुटसुटीत व्हावे म्हणून, काढून टाकले. पंधरा दिवसांनी खजिनदारांच्या वकिलाची नोटीस आली. तिच्यात लेखकाचे एकही वाक्य उद्धृत केलेले नव्हते. माझा मथळा होता आणि 'बहुधा'विना उरलेले वाक्य होते. जाहीर माफीवर प्रकरण मिटले, पण त्या गृहस्थांनी पुढे कित्येक वर्षे मंडपात पाऊल टाकले नाही आणि त्याचे कारण माझी पेन्सिल होती.

म्हणून लक्षात ठेव, दुसऱ्याच्या मजकुराला तुझा हात जितका लागतो तितका तो तुझा होत जातो. निवडला, मथळा दिला, धार लावली, पहिल्या पानावर घेतला, की तो त्याचा एकट्याचा राहत नाही.

आता असा प्रश्न उरतो की हातच लावला नाही तर काय. याचे उत्तर एका जुन्या इंग्रजी खटल्यात फार सुंदर आले आहे. तिकडच्या एका गोल्फ क्लबात जुगाराची यंत्रे होती. कुणीतरी पोलिसांना कळवले आणि ती काढावी लागली. पाठोपाठ क्लबाच्या भिंतीवर कुणीतरी टंकलिखित कविता लावली. ज्याने कळवले त्याने नरकात जळावे असा तिचा शेवट होता, आणि 'जळावे' या शब्दाचे स्पेलिंग मुद्दाम एका सभासदाच्या आडनावाप्रमाणे केलेले होते. कविता कुणाची हे सिद्ध झाले नाही. पण 1937 मध्ये अपील न्यायालयाने म्हटले की भिंत ज्यांच्या ताब्यात होती, ज्यांनी कागद पाहिला आणि जे तो सहज काढू शकत होते, त्यांनी तो राहू दिला म्हणजे तेही प्रकाशकच. (तो सभासद शेवटी हरला, कारण गुन्ह्याची खबर देणे ही सज्जन माणसाच्या बदनामीची गोष्ट नव्हे, असे न्यायालयाचे मत पडले.) परदेशी निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नसतात, पण अब्रुनुकसानीचा आपला दिवाणी कायदा बहुतांशी अशाच निकालांतून वाढला आहे. चाळीचा फळा किंवा सोसायटीचा सूचनाफलक डोळ्यांसमोर आण. फळ्यावर खडूने कुणी लिहिले हे ठाऊक नसेल, पण ते वाचून डस्टर खाली ठेवणारा कोण, हे ठाऊक असते.

तुझ्या वाचकांच्या व्हॉट्सअॅप समूहाची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिथे तू उगाच घाबरला आहेस. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च 2021 मध्ये स्पष्ट केले की सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ अॅडमिन आहे म्हणून कुणावर फौजदारी जबाबदारी लादता येत नाही. समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दिसावा लागतो. अॅडमिनला मजकूर आधी पाहता किंवा रोखता येत नाही, त्याच्या हाती त्या वेळी फार तर सदस्य घेणे आणि काढणे होते, हे न्यायालयाने ध्यानात घेतले. म्हणजे इथेही कसोटी तीच: हातात काय होते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 79 याच विचारावर उभे आहे. जो दुसऱ्याचा मजकूर फक्त साठवतो वा पोचवतो, तो निवडत नाही की बदलत नाही आणि वाजवी दक्षता घेतो, त्याला त्या मजकुराबद्दल संरक्षण मिळते. 24 मार्च 2015 च्या श्रेया सिंघल निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की मजकूर हटवण्याचे बंधन न्यायालयाचा आदेश किंवा सरकारी अधिसूचना आल्यावर येते, कुणीही तक्रार केली म्हणून नव्हे. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे त्याच कायद्याचे कलम 66अ याच निकालाने रद्द झाले. त्या कलमाचा जाच आपण 2012 मध्ये पालघरला पाहिला होता: मुंबई बंदविषयी एका मुलीने लिहिले आणि दुसरीने ते नुसते पसंत केले, तरी दोघींना अटक झाली. मात्र हे संरक्षण छापील पानाला नाही, हे विसरू नकोस. आणि संरक्षण असले तरी खटल्याची पायपीट चुकतेच असे नाही. केरळमधल्या एका 19 वर्षांच्या विद्यार्थ्याने ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावर एका राजकीय पक्षाविरुद्ध समूह उघडला, त्यात इतरांनीही लिहिले, आणि गुन्हा नोंदला गेला इकडे ठाणे शहरात. फेब्रुवारी 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द करण्यास नकार दिला. न्यायालयाने त्याला दोषी ठरवले नव्हते, पण उत्तर द्यायला त्याला इथवर यावे लागणार होते.

एका बाबतीत मात्र क्षणाचाही विचार करू नकोस. लैंगिक अत्याचार झालेल्या व्यक्तीचे नाव किंवा ओळख पटेल असा तपशील कुणी पाठवला, तर तो छापायचा नाही आणि समूहात दिसताच काढायचा. तिथे खरेखोटेपणाचा प्रश्नच येत नाही. ओळख उघड करणे हाच गुन्हा आहे.

हे सगळे वाचून वाचकांची पत्रे बंद करावीत असे तुझ्या मनात येईल. ते करू नकोस. मुंबईत पुनर्विकासाच्या नावाने म्हातारी माणसे वर्षानुवर्षे भाड्याच्या खोल्यांत राहतात, भाड्याचे धनादेश थकतात, आणि त्यांचे ऐकायला तुझ्या चार पानांखेरीज दुसरी जागा नसते. ती जागा टिकावी म्हणूनच एवढे लिहिले.

या पत्रापुरते सांगतो. त्या गृहस्थांना आज संध्याकाळी घरी जाऊन भेट. सचिवांनी पैसे घेतले हे त्यांनी पाहिले आहे की त्यांचा तर्क आहे, ते विचार. तुझ्याकडे आलेल्या प्रतीवरून मला दिसते ते इतकेच की निविदा तीन आल्या, सर्वांत चांगला देकार असलेली नाकारली गेली आणि सभेच्या इतिवृत्तात कारण नोंदलेले नाही. एवढेच त्यांनी स्वतःच्या शब्दांत पुन्हा लिहून द्यावे, इतिवृत्ताची प्रत जोडावी आणि खाली सही करावी. मूळ पत्र, पाकीट आणि तारीख फाइलला लाव. मग तो मजकूर सचिवांना दाखव, उत्तरासाठी चार दिवस दे आणि उत्तर आले तर त्याच पानावर, तेवढ्याच टायपात छाप. मथळा पत्रलेखकालाच द्यायला सांग. अंक छपाईला जाण्यापूर्वी प्रूफ घेऊन माझ्याकडे ये. शनिवारी दुपारी तीननंतर मी कचेरीत आहे.

तुझा,
काका