बिलिरुबिन वाढलेले, बाकी सारे ठीक

प्रश्न : माझा मुलगा २४ वर्षांचा आहे. नोकरीत रुजू होण्यापूर्वीच्या वैद्यकीय तपासणीत त्याचे एकूण बिलिरुबिन २.६ आले, त्यात डायरेक्ट ०.४ आणि इनडायरेक्ट २.२ आहे. एसजीपीटी २८, एसजीओटी २४, अल्कलाइन फॉस्फेटेज ८२, अल्ब्युमिन ४.४ आणि हिमोग्लोबिन १४.६ आहे. रक्त दिले तेव्हा त्याचे नवरात्राचे उपवास चालू होते. त्याला ताप, मळमळ काही नाही. तो दारू पीत नाही. घरातील वडीलधारी मंडळी ही कावीळच आहे असे म्हणून गावाकडे माळ घालायला चला म्हणतात, आणि तेल-हळद बंद झाली आहे. त्याचे यकृत बिघडले आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आपण सगळे आकडे पाठवलेत आणि उपवासाचाही उल्लेख केलात, हे फार बरे झाले, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या उपवासातच आहे.

बिलिरुबिन हे मुळात यकृतात उगम पावणारे द्रव्य नाही. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि मोडल्यावर त्यांतील हिमोग्लोबिनपासून हे पिवळे द्रव्य तयार होते. या अवस्थेत ते पाण्यात विरघळत नाही. अहवालात त्यालाच इनडायरेक्ट म्हणतात. यकृतातील एक विकर (एन्झाइम) त्याला विरघळण्याजोगे करते, मग ते डायरेक्ट होऊन पित्तावाटे आतड्यात जाते. यकृताला सूज आली किंवा पित्तनलिकेत खडा अडकला, तर सहसा डायरेक्टही वाढते आणि सोबत एसजीपीटी किंवा अल्कलाइन फॉस्फेटेज चढते. आपल्या मुलाच्या अहवालात यांपैकी काहीच नाही. (एसजीपीटी व एसजीओटी या चाचण्यांना आपण यकृताच्या कार्याच्या चाचण्या म्हणतो खरे, पण त्या पेशींना झालेली इजा दाखवतात, कार्याचा अंदाज अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याचा वेळ यांवरून येतो.)

केवळ इनडायरेक्ट बिलिरुबिन वाढण्याची प्रमुख कारणे दोन. एक म्हणजे तांबड्या पेशी प्रमाणाबाहेर मोडणे. हिमोग्लोबिन चांगले असले, तरी ही शक्यता तपासल्याशिवाय सोडू नये. त्यासाठी संपूर्ण रक्तगणना, रेटिक्युलोसाइट (नव्याने तयार झालेल्या तांबड्या पेशींचे प्रमाण) आणि एलडीएच (पेशी मोडल्यावर रक्तात वाढणारे विकर) या चाचण्या पुरेशा होतात. नात्यात कोणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे तांबड्या पेशींचे आनुवंशिक आजार असतील, अथवा आपले कुटुंब सिकलसेल अधिक आढळणाऱ्या विदर्भातील वा नंदुरबारकडील असेल, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

दुसरे आणि येथे अधिक संभवणारे कारण म्हणजे गिल्बर्ट सिंड्रोम. १९०१ मध्ये फ्रान्समधील ऑगस्टिन गिल्बर्ट आणि पिएर लेरेबुले यांनी त्याचे वर्णन केले. यात वर सांगितलेल्या विकराचे काम जन्मतःच मंद, साधारण ३० टक्क्यांवर, चालते. अनेक समाजांत शंभरांतील पाच ते दहा जणांत ही ठेवण आढळते आणि बहुतेकांना ती अशाच एखाद्या तपासणीत अकस्मात कळते. उपाशी राहणे, पाणी कमी पिणे, ताप, जागरण किंवा अतिश्रम यांनी बिलिरुबिन चढते आणि नेहमीचे जेवण सुरू झाले की आपोआप उतरते. ते बहुधा ३ च्या आतच राहते. यकृताला त्यातून इजा होत नाही.

माळेबद्दलही सांगतो. हिरव्या काड्या वाळून आकसल्या की गाठी सैल होतात आणि माळ लांबते. इकडे उपवास सुटल्यामुळे डोळ्यांचा पिवळेपणा ओसरतो आणि श्रेय माळेला मिळते. गळ्यातल्या काड्यांपासून अपाय नाही, पण तिच्यासोबत पोटात घ्यायला जो अनोळखी पाला देतात, तो कृपया देऊ नका. काही वनस्पतींनी निरोगी यकृतालाही गंभीर सूज येते. तेल-हळद बंद ठेवण्याची गरज नाही.

मुलाने आठ-दहा दिवस वेळेवर पोटभर जेवावे, मग वरील चाचण्यांसह बिलिरुबिन पुन्हा करावे. रक्त देण्यापूर्वी लांबलेला उपवास नको. आकडा उतरला आणि बाकीचे अहवाल ठीक आले, तर जनुकीय चाचणीवर खर्च करण्याचे सहसा कारण उरत नाही. मात्र लघवी गडद पिवळी होणे, शौचाचा रंग पांढुरका पडणे, अंगाला खाज, ताप किंवा उलट्या यांपैकी काही दिसले, तर थांबू नये. इनडायरेक्ट बिलिरुबिन लघवीत उतरत नाही, त्यामुळे गडद लघवीचे कारण वेगळे शोधावे लागते.

निदान पक्के झाल्यावर डॉक्टरांकडून दोन ओळींचे पत्र घेऊन कंपनीत द्यावे. त्याची एक प्रत मुलाच्या कागदपत्रांत राहू द्यावी, कारण इरिनोटेकॅनसारखे कर्करोगावरील औषध पुढे कधी द्यावे लागले, तर मात्रा ठरवताना डॉक्टरांना ही माहिती हवी असते.