कुंडीतल्या ओव्याच्या झाडाला ओवा कधी लागणार?

प्रश्न: ताई, कुंडीत लावलेलं ओव्याचं झाड मस्त फोफावलंय, पान चुरगळलं की घमघमाट सुटतो, पण ओव्याचा दाणा काही दिसत नाही. खत कमी पडतंय का? आणि ही पानं खोकल्याला कशी घ्यायची, स्वयंपाकात कशी वापरायची, लहान मुलांना चालतात का तेही सांगा.

उत्तर: खत वाढवू नका, कारण या झाडाला ओवा लागतच नाही! तुमच्याकडे आहे तो पानओवा, तुळस-पुदिन्याच्या कुळातला, आणि डब्यातला ओवा येतो तो जिरं, धणे, शेपूच्या कुळातल्या वेगळ्या झाडाला, त्याची पानं शेपूसारखी बारीक असतात आणि वर पांढऱ्या फुलांच्या छत्र्या येतात. तुमच्या झाडाला कधी फुलं आलीच तर जांभळट तुरे येतील. वास सारखा येतो कारण थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल ही वासाची द्रव्यं दोन्हीकडे सापडतात, म्हणून गोंधळ सगळ्यांचाच होतो.

मला विचाराल तर हे झाड आधी स्वयंपाकाचं आणि मग औषधाचं. भजी करायची असतील तर पान धुऊन अगदी कोरडं पुसा, त्यावर बारीक लव असते, तिच्यात पाणी अडकतं आणि तेलात टाकलं की तडतड उडतं, आणि पीठ जरा घट्टच ठेवा नाहीतर जाड पानावरून ते घसरतं. कच्चं पान जिभेला चरचरतं, म्हणून चटणी किंवा ताकातली तंबुळी करताना पानं आधी थोड्या तुपात मऊ होईपर्यंत परता, मगच वाटा. डाळी-कडधान्यात चार जणांना दोन-तीन पानं बारीक चिरून पुरेत, जास्त झाली तर बाकी कसलीच चव लागत नाही. कॅरिबियन बेटांवर तर मांस-मासे मुरवायला हेच पान घेतात.

खोकल्याला जुनी पद्धत अशी की पान तव्यावर नुसतं गरम करायचं, ते मलूल पडलं की पिळायचं, निघेल तो थोडासा रस मधात कालवून चाटायचा. व्हिएतनाममध्येही हेच पान खडीसाखर नाहीतर मध घालून वाफवून खोकल्याला देतात, आणि सुमात्रातल्या बटाक लोकांत बाळंतिणीला दूध यावं म्हणून याच पानांचं सूप देतात, म्हणजे इतक्या लांब लांबच्या लोकांनी याला औषध म्हणून घरात ठेवलंय. प्रयोगशाळेत याच्या तेलाचा जंतूंवर परिणाम दिसलाय हे खरं, पण तेवढ्यावरून पान खाऊन इन्फेक्शन बरं होतं असं अजिबात समजू नका. घसा खवखवतोय, साधी सर्दी आहे, तिथवर ठीक. ताप उतरत नाही, धाप लागते, कफात रक्त दिसतं, खोकला 2 आठवड्यांपेक्षा जास्त चाललाय, तर पान बाजूला ठेवा आणि सरळ डॉक्टर गाठा.

लहान मुलांचं मात्र नीट वाचा. 1 वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नको, बोटुलिझमचा, म्हणजे जंतूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो, आणि एवढ्या लहान बाळाला हा रसही स्वतःच्या मनानं देऊ नका, बाळ खोकतंय तर आधी दाखवून आणा. गरोदरपणात जेवणातली एक-दोन पानं वेगळी आणि रोज काढा पिणं वेगळं, काढा डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

पानं वाळवून ठेवायच्या फंदात पडू नका, ती रसाळ असतात, वाळण्याआधी काळी पडतात. त्यापेक्षा फांदी तोडून मातीत खोचा, पटकन मुळं धरते. पाणी मात्र बेतानं, माती कोरडी झाली की मगच.

प्रश्न: आमचं मांजर पानओव्याची पानं चावतं. चालेल ना?

उत्तर: नाही चालणार. माणसाला चालणारं हे पान मांजर आणि कुत्र्यासाठी विषारी समजलं जातं, उलट्या-जुलाब होऊ शकतात. कुंडी मांजर पोचणार नाही अशी उंच टांगा, आणि त्रास दिसला तर घरगुती काही न देता व्हेटकडे न्या, जाताना एक पान सोबत घ्या म्हणजे काय खाल्लंय ते त्यांना लगेच कळेल.