कुणाकडे काहीच न मागणाऱ्या मुलीस

प्रिय मुली,

डेंग्यूच्या तापात फ्लॅटवर एकटी पडून होतीस आणि एकाही मैत्रिणीनं विचारलं नाही, हे तू एकाच मेलमध्ये तीनदा लिहिलंयस. फोनवर मी विचारलं, कुणाला कळवलं होतंस का? तर म्हणालीस, "सांगायला कशाला हवं?" आणि पाठोपाठ, "चुकतंय हे माहितीये मला. कळतं, पण वळत नाही."

असं म्हणणाऱ्यांसाठीच स्कीमा थेरपी निघाली, असं म्हटलं तरी चालेल. जेफ्री यंग हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ फिलाडेल्फियात ॲरन बेक यांच्याबरोबर कॉग्निटिव्ह थेरपीचं, म्हणजे चुकीचे विचार ओळखून ते तपासून बदलण्याच्या उपचारपद्धतीचं, काम करत होते. बऱ्याच जणांना तिचा गुण यायचा. काही जण मात्र चुकीचा विचार बरोबर पकडायचे, खोडूनही काढायचे आणि तरी म्हणायचे, डोक्याला पटलं, आत तसंच वाटतंय. मनात आलेला विचार लिहून तो तपासायचे जे तक्ते तू भरलेस, त्यांचंही तेच झालं. ते वाया गेले असं नाही, पण तुझी समजूत युक्तिवादातून आलेलीच नाही, तर युक्तिवादानं जाईल कशी?

यंग म्हणतात, माया, सुरक्षितता, मन मोकळं करण्याची मुभा या लहानपणीच्या गरजा वर्षानुवर्षं अपुऱ्या राहिल्या की मूल त्यातून स्वतःबद्दल आणि माणसांबद्दल काही ठरवून टाकतं. ते नुसत्या विचारात राहत नाही. आठवणीत, छातीतल्या दडपणात, घशातल्या आवंढ्यात राहतं. अशा आत घट्ट बसलेल्या समजुतीला ते स्कीमा म्हणतात. असे १८ स्कीमा त्यांनी मांडले. मला तुझ्यात दिसतो तो भावनिक वंचिततेचा, म्हणजे आपल्याला हवी ती माया, विचारपूस कुणाकडून मिळणारच नाही असं आत धरून बसण्याचा. हा माझा अंदाज, निदान नव्हे. घरी मारहाण नव्हती, फी वेळेवर भरली जायची, डबा मिळायचा. पण धाकट्याच्या आजारपणात आई बुडालेली आणि तू "समजूतदार". (समजूतदार मुलीचं आपल्याकडे फार कौतुक. तिला काय हवंय ते विचारायचं तेवढं राहून जातं.) आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करायचं नाहीये. तिचीही ओढाताणच होती.

आता हा स्कीमा स्वतःला कसा जगवतो ते बघ. तू आजारपण सांगत नाहीस. मैत्रिणींना वाटतं, हिचं बरं चाललंय. त्या फोन करत नाहीत आणि तुझ्या मनात नोंद पडते, बघ, कुणी नाही आपलं. दोन-दोन दिवस मेसेजला उत्तर न देणारा मुलगा तुला ओढून घेतो आणि आपणहून विचारपूस करणारा "बोअर" वाटतो, तेही यातलंच. ओळखीचं दुःख घरच्यासारखं वाटतं.

थेरपीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते कल्पनेतलं काम. डोळे मिटून आधी त्या तापातल्या रात्रीची भावना जागवायची, मग तिच्यासकट मागे जायचं. समज, आठवतं ते असं: फुटलेला गुडघा घेऊन आठ वर्षांची तू स्वयंपाकघराच्या दारात उभी आहेस, आई पाठमोरी आहे, आणि तू काही न बोलता परत फिरतेस. त्या चित्रात आधी थेरपिस्ट शिरतात, खाली बसून तुला विचारतात, काय हवंय तुला? पुढच्या काही सेशननंतर आजची मोठी तू तिथे जातेस. घडलेलं पुसलं जात नाही. फक्त "मी मागण्यालायकच नाही" हा त्याचा लावलेला अर्थ सैल होतो. सुरुवातीला हे नाटकी वाटेल, वाटू दे. एकटीनं घरी मात्र करायला जाऊ नकोस.

वेळ लागतो. नेदरलँड्समध्ये बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरच्या (यात भावना आणि नाती सतत टोकाला जातात) ८६ रुग्णांवर झालेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्याला दोन सेशन, तीन वर्षं. स्कीमा थेरपी घेणाऱ्यांपैकी सुमारे ४५ टक्के पूर्ण सावरले, तुलनेच्या दुसऱ्या थेरपीत सुमारे २४ टक्के. तुझा त्रास त्या जातीचा नाही, पण दहा सेशनमध्ये आयुष्य बदलून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट निवडताना आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी विचार, स्कीमा थेरपीचं शिक्षण कुठे घेतलं तेही विचार. फी आधी बोलून घे, संकोच नको. आणि जगणं नकोसं वाटायला लागलं तर हे सगळं बाजूला ठेवून आधी सायकियाट्रिस्ट. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर रात्रीही लागतो.

अपॉइंटमेंट मिळेपर्यंत एक कर. ब्लड रिपोर्ट आणायला जायचंय ना? एका मैत्रिणीला लिही: "शनिवारी माझ्याबरोबर लॅबमध्ये येशील?" पुढे "जमलं तर", "नाहीतर असू दे" असली शेपटं लावू नकोस. ती नाही म्हणाली तर दुसरीला विचार. त्या नकारानंतर मनात जे जे येईल ते शब्दशः लिहून ठेव आणि पहिल्या सेशनला तो कागद घेऊन जा.

तुझी,
ताई