जुना प्रोग्रॅम, सोळा कोअर: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

एकच गोंधळ वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो, म्हणून निवडक प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न: सोळा कोअरचं यंत्र घेतलं, तरी जुना प्रोग्रॅम पूर्वीइतकाच वेळ घेतो. यंत्रात दोष आहे का?

नाही. कोअर म्हणजे प्रोसेसरमधलं स्वतंत्रपणे काम करणारं एकक, आणि थ्रेड म्हणजे एकामागून एक चालणाऱ्या आज्ञांची साखळी. जुन्या प्रोग्रॅममध्ये सहसा एकच थ्रेड असतो. एक थ्रेड एका वेळी एकाच कोअरवर चालतो, बाकीचे रिकामे बसतात.

प्रश्न: कोडला हात न लावता सोळापट वेग देणारं साधन एक विक्रेता विकतोय. घ्यावं का?

'सोळापट' ऐकलंत तिथेच थांबायला हवं होतं. जीन अ‍ॅमडाल या संगणक रचनाकारांनी १९६७ मध्येच ही मर्यादा मांडली आहे: दहा टक्के काम एकामागून एकच होणार असेल, तर सोळा कोअरवर जास्तीत जास्त ६.४ पट वेग मिळतो, आणि कोअर कितीही वाढवले तरी दहापटीपलीकडे जाता येत नाही. ज्या लूपच्या फेऱ्या एकमेकींवर अवलंबून नाहीत, ते लूप कंपायलर, म्हणजे कोड यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम, आपोआप कोअरमध्ये वाटू शकतो. पण जुन्या कोडमध्ये पॉइंटर (मेमरीतले पत्ते) आणि ग्लोबल व्हेरिएबल (कुठूनही बदलता येणाऱ्या किमती) इतके गुंतलेले असतात की तो तिथे हातच घालत नाही. आधी प्रोफाइलर हे वेळ मोजणारं साधन चालवून वेळ नेमका कुठे जातो ते बघा आणि विक्रेत्याला तुमच्याच डेटावर मोजून दाखवायला सांगा.

प्रश्न: सी++ मधला जुना प्रोग्रॅम चार थ्रेडमध्ये वाटला. एकूण नोंदींचा आकडा कधी बरोबर येतो, कधी कमी. सहकारी म्हणतो, व्हेरिएबलला 'व्होलाटाइल' लावा.

लावू नका. ही ऐकीव गोष्ट कुठून पसरली कोण जाणे. सी++ मध्ये व्होलाटाइल थ्रेडसाठी नाहीच; किंमत बाहेरून बदलू शकते एवढंच ते कंपायलरला सांगतं. मोजणी एकाने वाढवणं दिसायला एक ओळ असली तरी त्यात तीन कामं आहेत: वाचणं, वाढवणं, परत लिहिणं. दोन थ्रेडनी एकाच वेळी ४१ वाचले आणि दोघांनीही ४२ लिहिले, की एक नोंद गडप. एकाच कोअरवर हे घडायला थ्रेडची अदलाबदल नेमकी त्या मधल्या क्षणी व्हावी लागते, म्हणून अशी चूक वर्षानुवर्षं लपून राहते. अनेक कोअरवर ती रोज गाठते. सी++११ पासून तर भाषेचं मानकच सांगतं की अशा डेटा रेसनंतर, म्हणजे थ्रेडच्या या चढाओढीनंतर, प्रोग्रॅम काय करेल याची कसलीही हमी नाही. त्यामुळे 'टेस्टिंगमध्ये पास झालं' या वाक्याला इथे काडीची किंमत नाही. इंटेलच्या प्रोसेसरवर बिनबोभाट चाललेलं कोड एआरएम प्रोसेसरवर कोसळू शकतं, कारण तिथे मेमरीत वाचण्या-लिहिण्याच्या क्रमाचे नियम सैल आहेत.

मोजणी अ‍ॅटॉमिक करा. म्हणजे वाचणं, वाढवणं, लिहिणं मध्ये न तुटता एकदम होईल. त्याहून बरं म्हणजे प्रत्येक थ्रेडला स्वतःची मोजणी द्या आणि शेवटी बेरीज करा. मात्र त्या मोजण्या एकाच कॅश लाइनमध्ये (प्रोसेसर मेमरी ज्या तुकड्यांत उचलतो त्यातल्या एकात), म्हणजे बहुतेक प्रोसेसरवर त्याच ६४ बाइटमध्ये, आल्या तर कोअर एकमेकांना अडवत बसतील. मग लपलेली सामायिक स्थिती शोधा: 'एसटीआरटोक', 'लोकलटाइम' यांसारखी जुनी फंक्शन्स आतली एकच जागा सगळ्यांना वापरायला देतात. अशा चुका पकडणारं थ्रेडसॅनिटायझर हे साधन चालवाच. आणि हिशेब पैशांचा किंवा औषधांचा असेल, तर मेमरी मॉडेल, म्हणजे थ्रेडना एकमेकांचं लिखाण कधी दिसतं याचे नियम, जाणणाऱ्या माणसाकडून कोड तपासून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नका.

प्रश्न: सगळीकडे एकच मोठा लॉक लावला. आता प्रोग्रॅम बरोबर चालतो, पण पूर्वीपेक्षा हळू.

अर्थातच. लॉक एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडतो, म्हणजे तुम्ही पुन्हा एकच रांग केलीत. तरी सुरुवात म्हणून ते चुकीचं नाही. लिनक्स कर्नलनेही (त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानेही) १९९६ मध्ये असाच मोठा लॉक घेतला आणि तो पूर्ण काढायला २०११ उजाडलं. सर्वांत जास्त थांबायला लावणारा डेटा मोजून शोधा, तेवढाच वेगळा करा.

प्रश्न: महिन्यातून एखाद्या वेळी प्रोग्रॅम अडकतो, रीस्टार्ट केला की चालतो. पुढच्या आवृत्तीत बघितलं तर चालेल का?

नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी ओहायोतल्या एका वीज नियंत्रण कक्षाची अलार्म यंत्रणा रेस कंडिशनमुळे, म्हणजे वर सांगितल्यासारख्या वेळेच्या चढाओढीमुळे, गप्प झाली. वाहिन्या बंद पडत असताना ऑपरेटरांना इशारेच मिळाले नाहीत, आणि अमेरिका-कॅनडातले सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. पुढच्या वेळी रीस्टार्ट करण्याआधी सगळ्या थ्रेडचे स्टॅक (कोणता थ्रेड कुठे थांबलाय याची नोंद) जतन करा आणि ते घेऊन जाणकाराला त्याच दिवशी गाठा.

प्रश्न: थ्रेड टाळून त्याच प्रोग्रॅमच्या चार प्रोसेस (स्वतःची वेगळी मेमरी असलेल्या प्रती) चालवल्या तर?

कामाचे स्वतंत्र तुकडे पडत असतील तर खुशाल चालवा. चौघी एकाच फाइलमध्ये लिहिणार असतील तर आधी जाणकाराला विचारा.