आधी पोतं, मग पडदा

प्रिय पोरी,

तुझा लोगो बघितला. मोबाइलवर झकास दिसतो. हळदीचा पिवळा, त्यातून वर आलेलं पान, पानाखाली सावली. खाली तू लिहिलंस, ‘काका, खरं खरं सांगा.’ तर आधी मला एक सांग, ज्यांच्या हळदीसाठी तू हा काढलास ते शेठ हे पहिल्यांदा कशावर छापणार आहेत?

नसशील विचारलं. तुझ्या वयात मीही विचारत नव्हतो.

आपल्या सांगलीत हळदीच्या धंद्यात नाव आधी पोत्यावर लागतं, दुकानावर नंतर. बारदानावर पत्र्याचा साचा ठेवला, शाईचा बोळा फिरवला की झाला मार्का. आता त्या साच्यात तुझा ‘व’ घालून बघ. ‘व’चं पोट चहूबाजूंनी बंद. पत्रा कापला की पोटातला तुकडा खाली पडतो आणि पोत्यावर उमटतो नुसता काळा गोळा. म्हणून साचा कापणारा तिथं पत्र्याची एक बारीक पट्टी राखतो, तो तुकडा धरून ठेवायला. शेठच्या नावात दोन ‘व’ आहेत आणि एक ‘ब’. ‘ब’च्या पोटात वर आणखी तिरकी रेघ! पट्टी कुठं ठेवायची हे तू ठरवलं नाहीस तर तो ठरवेल, आणि त्याच्या हातात छिन्नी असेल. शिरोरेषेचंही तेच. सलग लांब चीर पाडली की पत्रा लुळा पडतो, तेव्हा ती मधेमधे तोडावी लागते. ही तोड तूच आधी काढलीस आणि ती पाऊचवरच्या अक्षरातही तशीच ठेवलीस, तर तेच त्या अक्षराचं वळण होईल. पान आणि सावली काढून टाकलीस तरी चालेल मग. माझ्या मते काढच. गेल्या काही वर्षांत हळदीच्या प्रत्येक पुडीवर पान उगवलंय.

कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची आणि मासिकांची शीर्षकं मिळतील तिथून बघ. नुसत्या अक्षरांवर उभी आहेत, चित्राचा टेकू लागत नाही. सांगलीसारख्या नाट्यपंढरीत राहून एवढं तरी बघायलाच हवं.

आता रंग. पडद्यावरचा पिवळा उजेडाचा असतो, कागदावरचा शाईचा. हळदीसाठी शंभर टक्के पिवळ्यात वीसेक टक्के मॅजेंटा, म्हणजे छपाईची गुलाबी शाई, घालून सुरुवात कर. फार वाढवलास तर केशरी होतो. सायन, म्हणजे निळी शाई, मात्र अजिबात शिरू देऊ नकोस, हिरवट झाक आली की गिऱ्हाइकाला भेसळ वाटते. आणि पांढऱ्यावर पिवळी अक्षरं कधीच नकोत, ती वाचायला शेठचा चष्माही पुरणार नाही.

बारीक मजकूर फक्त काळ्या प्लेटवर, म्हणजे एकट्या काळ्या शाईत ठेव. हे मी पैसे मोजून शिकलोय. मसाल्याच्या एका पाऊचवर मी ‘निव्वळ वजन’ चार रंगांच्या गडद पट्टीत पांढरं सोडलं होतं, तेही बारीक टायपात. पाऊच ज्यावर छापतात त्या ग्रॅव्ह्युअर छपाईला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर कोरावा लागतो. छपाईत रंग केसभर सरकले आणि अक्षरं बुजली. नवे सिलिंडर माझ्या खिशातून झाले. छापखान्याची चूक नव्हती, माझीच होती. बायकोला मात्र बरेच दिवस मशीनला दोष देऊन सांगत होतो.

पाऊचचं निघालंच आहे तर, वजन, एमआरपी, पॅकिंगचा महिना आणि वर्ष, पत्ता, तक्रारीचा नंबर, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचा, चौदा आकडी परवाना, शाकाहाराचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, या सगळ्याची जागा आधी आखून घे. डिझाइन झाल्यावर कोंबायला गेलीस की सगळं विस्कटतं. बारकोड पिवळ्यावर काळा चालेल, लाल नको. बऱ्याच स्कॅनरचा उजेडच लाल असतो, त्याला लाल पट्ट्या दिसतच नाहीत.

शेठ म्हणतील, नावापुढं तो गोलातला आर टाक. ट्रेडमार्क नोंदला असेल तरच टाकायचा, नाहीतर ते बेकायदेशीर आहे. अर्ज नुसता केला असेल तर टीएम पुरे. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालंय, त्याचंही चिन्ह मागतील. अधिकृत वापरकर्ता म्हणून त्यांची नोंदणी आहे का, ते प्रमाणपत्र हातात घेऊन बघ. शेठच्या तोंडी शब्दावर तुझं डिझाइन छापायला जाऊ देऊ नकोस.

फाइल देताना श्रीलिपी फाँटमधली अक्षरं कर्व्ह कर, म्हणजे त्यांचं चित्र करून टाक. नाहीतर दुसऱ्याच्या मशीनवर ‘हळद’ची कसली तरी बाराखडी होते. चारी बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड, म्हणजे कापताना जाणारा जादा रंग, ठेव. प्रूफवर, म्हणजे छपाईआधीच्या नमुन्यावर, शेठची सही घे, व्हॉट्सअ‍ॅपवरचा अंगठा ही सही नव्हे.

पैशाचं तू काही विचारलं नाहीस, म्हणजे लाजतेस. निम्मे आधी घे. दुरुस्त्या किती वेळा करून देणार ते कागदावर लिही. पूर्ण पैसे येईपर्यंत ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, द्यायची नाही, मामाच्या ओळखीतलं काम असलं तरी. ओळखीतलं असेल तर जास्तच.

सध्या एक कर. लोगो काळ्या रंगात, बोटाच्या पेराएवढा, साध्या कागदावर छाप आणि हातभर लांब धरून आजीला वाचायला सांग. मग वखारभागात माझ्याकडे ये. मार्केट यार्डाजवळ साचे कापणारे एक मिस्त्री माझ्या ओळखीचे आहेत. दोन ‘व’ आणि तो ‘ब’ मोठे काढून आण, त्यांच्याकडूनच कापून घेऊ. रिकामं पोतं माझ्याकडे आहे.

तुझा,
काका