ब्लॅक पँथरने गोऱ्या गरिबांशी खरंच एकी केली होती का?

तुम्ही विचारलंय, "दलित पँथरबद्दल वाचताना अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरचा उल्लेख येतो. ती फक्त काळ्यांची संघटना होती, की इतर वंशांच्या गरिबांनाही तिने बरोबर घेतलं? घेतलं असेल तर ते टिकलं का?"

घेतलं होतं. आणि ज्यांना घेतलं त्यांच्यात असे गोरे तरुण होते, ज्यांच्या जॅकेटवर गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा झेंडा शिवलेला होता. हे घडलं शिकागोत, १९६९ साली. मी या शहरात सतरा वर्षं राहते, कामावर जाताना रोज त्या अपटाउन भागातून गाडीने जाते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अपटाउनमध्ये त्या काळी केंटकी, टेनेसी, वेस्ट व्हर्जिनिया अशा डोंगराळ राज्यांतून पोटासाठी आलेली गोरी माणसं दाटीवाटीने राहत होती. तिकडच्या कोळशाच्या खाणींत यंत्रं आली, हात रिकामे झाले, आणि ही माणसं बिऱ्हाड उचलून शहरात आली. शहरातले गोरे त्यांना 'हिलबिली' म्हणून हिणवायचे. गळकी घरं, रोजंदारीची कामं, आणि वर पोलिसांचा मार. त्यांच्यातल्या तरुणांनी 'यंग पेट्रियट्स' नावाची संघटना काढली. झेंडा त्यांच्याच अंगावर होता. त्यांच्या लेखी तो गावाकडची, आपल्या मातीची खूण होता. काळ्या माणसाला तो झेंडा पाहून काय वाटत असेल, ते आपल्याकडच्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

दुसरीकडे लिंकन पार्क भागात प्वेर्तो रिकोहून आलेली कुटुंबं होती. तिथली 'यंग लॉर्ड्स' ही आधी रस्त्यावरची टोळी होती. तिचा म्होरक्या होसे 'चा चा' हिमेनेझ १९६८ मध्ये तुरुंगात असताना वाचायला लागला, विचार करायला लागला आणि बाहेर आल्यावर त्याने टोळीची चळवळ केली. शहर सुधारणेच्या नावाखाली या लोकांना लिंकन पार्कमधून हुसकावलं जात होतं, आणि यंग लॉर्ड्सची लढाई मुख्यतः घरांसाठी होती. मे १९६९ मध्ये त्यांच्यातल्या मॅन्युएल रामोस या तरुणाला ड्यूटीवर नसलेल्या एका पोलिसाने गोळी घातली. त्याच महिन्यात त्यांनी मॅकॉर्मिक सेमिनरीची इमारत ताब्यात घेतली आणि तिला त्याचं नाव दिलं. पुढे आर्मिटेज अव्हेन्यूवरच्या एका चर्चमध्ये त्यांनी पाळणाघर आणि दवाखाना चालवला.

आणि तिसरे पँथर. शिकागोतल्या शाखेचा चेहरा होता फ्रेड हॅम्प्टन. वय वीस. शेजारच्या मेवूड गावात शाळकरी वयापासून काम केलेला मुलगा. काळ्या मुलांना पोहायला जागा नव्हती, म्हणून गावात सार्वजनिक तलाव हवा यासाठी त्याने तिथे मोहीम चालवली होती. पाण्यापासून सुरुवात झालेला माणूस, हे वाचलं तेव्हा मला महाड आठवल्याशिवाय राहिलं नाही. वर्णद्वेषाला उलट वर्णद्वेषाने नाही, एकजुटीने उत्तर द्यायचं, हे तो प्रत्येक सभेत सांगायचा.

पण ही एकी प्रत्यक्षात बांधली ती बॉबी ली या पँथरने, आणि त्याचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे. तो मूळचा टेक्ससमधल्या ह्यूस्टनचा. लिंकन पार्कमधल्या एका चर्चमध्ये त्याला बोलायला बोलावलं होतं. त्याच संध्याकाळी अपटाउनचे यंग पेट्रियट्सही तिथे आले होते. समोर सुखवस्तू गोरा श्रोतृवर्ग. पेट्रियट्स आपल्या वस्तीचं गाऱ्हाणं मांडायला लागले तसा तो श्रोतृवर्ग त्यांच्यावर तुटून पडला. गोरे गोऱ्यांना इतकं तुच्छ लेखतात, हे बॉबी लीने पहिल्यांदाच पाहिलं. तो उठला आणि पेट्रियट्सच्या बाजूने बोलला. मग अपटाउनला जायला लागला. त्यांच्यात बसला, त्यांच्या बरोबरीने जेवला, त्यांच्या अड्ड्यांवर वेळ घालवला, आणि बरेच दिवस हे सगळं केल्यावर मगच त्याने हॅम्प्टनच्या कानावर घातलं. अपटाउनमधल्या एका बैठकीचं चित्रीकरण त्या वर्षीच्या एका माहितीपटात आहे. त्यात बॉबी ली वंशाबद्दल व्याख्यान देत नाही. लोकांना उभं करतो आणि पोलिसांनी तुमच्याशी काय केलं ते सांगायला लावतो. लोक बिचकत बोलायला लागतात, आणि मग थांबत नाहीत.

या तिघांच्या एकीला 'रेनबो कोअलिशन' म्हणतात. 'इंद्रधनुष्य आघाडी' म्हणा हवं तर. तिघांनी आपापल्या संघटना मोडल्या नाहीत. कोणी कोणात विलीन झालं नाही. आपापल्या वस्तीत आपापल्या लोकांचं काम करायचं आणि पोलीस, घरं, दवाखाना या प्रश्नांवर एकमेकांच्या मागे उभं राहायचं, एवढंच ठरलं होतं. पँथर शाळकरी मुलांना फुकट न्याहारी द्यायचे, ते पाहून बाकीच्यांनीही आपल्या वस्त्यांत तशी कामं सुरू केली. माझ्या मते ही आघाडी उभी राहिली ती या रचनेमुळे. एक झेंडा, एक नेता असा आग्रह धरला असता तर ती पहिल्याच महिन्यात फुटली असती.

झेंड्याचा प्रश्न मात्र मला सहज पचत नाही. बॉबी लीने आधी तो झेंडा उतरवा, मग बोलू, अशी अट घातली नाही. काही काळ पेट्रियट्सच्या अंगावर तो झेंडा आणि इंद्रधनुष्याचा बिल्ला दोन्ही एकदम दिसायचे. पुढे त्यांनी झेंडा सोडला. पण तोवरची किंमत कोणी मोजली? समोर बसून तो झेंडा पाहत राहणाऱ्या काळ्या माणसाने. एकी करायची तर ज्याच्यावर आधीच जास्त ओझं आहे त्यानेच आणखी थोडं उचलायचं, असं नेहमी होतं. हे बोललं गेलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

माझे वडील १९७३ मध्ये औरंगाबादला मिलिंद कॉलेजच्या होस्टेलमध्ये होते. दलित पँथरचा जाहीरनामा त्यांनी तिथे वाचला. दलित कोण, याचं त्यातलं उत्तर फार मोकळं होतं. अनुसूचित जाती-जमाती, बौद्ध, कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया, सगळे त्यात होते. त्याच मोकळेपणावरून आत वाद पेटला आणि १९७४ मध्ये संघटना फुटली, हेही तुम्हाला माहीत असेल. वडील त्या फुटीबद्दल अजूनही दुखऱ्या आवाजात बोलतात. शिकागोची ही गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "त्यांच्या हातचं खाल्लं का त्याने?"

खाल्लं, बॉबी लीने त्या गोऱ्यांच्या हातचं खाल्लं, म्हटलं. वडील म्हणाले, "मग खरं असेल."

तो प्रश्न माझ्या मनातून जाईना, कारण माझ्याच इमारतीत मी दोन वर्षं कोणाच्या हातचा चहा प्यायले नव्हते. तेव्हा मी रॉजर्स पार्कमध्ये भाड्याने राहत होते. वर मेक्सिकोचं कुटुंब, शेजारी म्यानमारमधून जीव वाचवून आलेलं रोहिंग्या कुटुंब, तळमजल्यावर एक काळ्या आजी. जानेवारीत हीटिंग बंद पडलं. घरमालक फोन उचलेना. शिकागोत कायदा आहे की थंडीच्या महिन्यांत दिवसा घरात निदान ६८ अंश फॅरेनहाइट, म्हणजे २० सेल्सिअस, तापमान मालकाने ठेवलंच पाहिजे. मी इंग्रजीत एक चिठ्ठी छापली, 'आपण सगळे एकत्र येऊ या', आणि खाली कपडे धुण्याच्या खोलीत बैठक बोलावली. तिघं आली.

मग त्या आजी म्हणाल्या, चिठ्ठी राहू दे, थर्मामीटर घेऊन दारोदारी जा. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातलं तापमान मोजून वहीत मांडायचं, एवढंच काम. आकड्याला भाषा लागत नाही. रोहिंग्या बाईंच्या घरात ५४ भरलं, तान्हं बाळ होतं त्या घरात. त्यांनी मला आत बसवलं आणि चहा दिला. माझं घर त्यांच्यापेक्षा सहा अंशांनी गरम होतं, कारण ते आतल्या बाजूला होतं. हे दोन वर्षांत मला कळलं नव्हतं, आणि वही नसती तर कळलंही नसतं. आठव्या दिवशी पुन्हा बैठक घेतली तेव्हा खोलीत उभं राहायला जागा नव्हती. वही घेऊन आम्ही महापालिकेकडे तक्रार केली. फेब्रुवारीत बॉयलर दुरुस्त झाला.

आता टिकलं का, या प्रश्नाकडे.

४ डिसेंबर १९६९ ला पहाटे, सरकारी वकील एडवर्ड हॅनराहनच्या कार्यालयाचे चौदा पोलीस वेस्ट मनरो स्ट्रीटवरच्या हॅम्प्टनच्या घरात घुसले. हॅम्प्टन झोपेत होता, शेजारी त्याची गरोदर जोडीदार. तो आणि मार्क क्लार्क मारले गेले. आधी 'पँथरांनी गोळीबार केला' असं सांगितलं गेलं. नंतरच्या चौकशीत दिसलं की पोलिसांच्या नव्वदच्या वर गोळ्या होत्या आणि पँथरांची फक्त एक. घराचा नकाशा एफबीआयला पुरवला होता तो पँथरांमध्येच राहिलेल्या विल्यम ओनील या खबऱ्याने. हॅम्प्टन एकवीस वर्षांचा होता. गुंडगिरी म्हणून जे दाबता आलं असतं, ते आता गरिबांची एकजूट झालं होतं, आणि त्या माणसाला मारण्याचं खरं कारण हेच, असं मी मानते.

पोलिसांनी घर सील केलं नाही. पँथरांनी दार उघडं ठेवलं आणि शेजारपाजारचे हजारो लोक रांगेने आत येऊन भिंतींवरची गोळ्यांची भोकं स्वतःच्या डोळ्यांनी पाहून गेले. १९७२ मध्ये हॅनराहन निवडणूक हरला, आणि त्यात काळ्या मतदारांचा मोठा वाटा होता. कुटुंबांनी केलेल्या दाव्यात १९८२ मध्ये १८.५ लाख डॉलरची तडजोड झाली.

आघाडी म्हणून ती फार वर्षं राहिली नाही. पोलिसांचा ससेमिरा, अटका, पांगापांग. अपटाउनमधल्या घरांची लढाईही लोक हरले. जिथे कॉलेज बांधायचं म्हणून घरं पाडायची होती, तिथे पेट्रियट्सनी गरिबांसाठी वसाहतीचा आराखडा मांडला होता. आज विल्सन स्टेशनला गाडी थांबली की ट्रुमन कॉलेजची इमारत दिसते. पण माणसं उरली. हिमेनेझ १९७५ मध्ये अपटाउन ज्या वॉर्डात येतं त्या ४६व्या वॉर्डातून नगरसेवकपदाला उभा राहिला आणि पडला. १९८३ मध्ये काळे, लॅटिनो आणि काही गोरे मतदार एकत्र आले आणि हॅरल्ड वॉशिंग्टन शिकागोचा पहिला काळा महापौर झाला. हिमेनेझ त्या प्रचारात होता.

मनरो स्ट्रीटवरचं ते घर आता नाही. मेवूडमधलं हॅम्प्टनच्या आईवडिलांचं घर आहे, ते वारसा वास्तू म्हणून जपलंय. त्याच गावात पोहण्याच्या तलावाला त्याचं नाव दिलेलं आहे, आणि समोर त्याचा अर्धपुतळा आहे.